कॉलेजातले मत कोणाच्या हाती?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत धावपळ सुरू होते. कोणी जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभा असतो, कोणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या मागे असतो. बाप साहेबाकडे ओव्हरटाइम मागून घेतो, आई भिशीचे पैसे उचलते. अखेर प्रवेश होतो, पेढे वाटले जातात. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली याचा आनंद साऱ्या वस्तीला होतो, आणि तो व्हायलाच हवा. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओट्यावरही बसू दिले नाही, त्यांची नातवंडे पदवीला बसतात ही बाबासाहेबांची पुण्याई आहे.

त्या धावपळीत आपण अनेक प्रश्न विचारतो. स्कॉलरशिपचा फॉर्म कधी भरायचा? वसतिगृहाची यादी कधी लागणार? पास किती दिवसांत मिळणार? एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. या कॉलेजात आपल्या मुलांच्या वतीने बोलणार कोण? फी वाढली, स्कॉलरशिप अडली, वसतिगृहात पाणी नाही, तर प्राचार्यांच्या टेबलापाशी बसून हे सांगण्याचा हक्क कोणाला आहे?

कायद्याने तो हक्क विद्यार्थ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीला दिला आहे. आणि महाराष्ट्रात हीच निवड वर्षानुवर्षे बंद पडली आहे. या विषयावर आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही, म्हणून आज आम्ही तो मांडत आहोत.

मत हेही शिक्षणच

बाबासाहेबांनी शिक्षण आणि मताचा हक्क या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला. हे लोक अडाणी आहेत, त्यांना मत देऊन काय उपयोग, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. बाबासाहेबांचे म्हणणे उलट होते. मत वापरता वापरताच माणूस शहाणा होतो, असे ते मानत. १९२८ साली सायमन कमिशनपुढेही त्यांनी प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली.

पुढे त्यांनी स्वतः महाविद्यालये काढली तेव्हाही हा विचार सोडला नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. त्याच महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये, देशाचे कायदामंत्री असताना, बाबासाहेब त्या विद्यार्थी संसदेपुढे उभे राहिले आणि हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या बिलावरून देशभर वादळ उठले होते, ते त्यांनी कारकुनी करून शिकणाऱ्या मुलांपुढे उलगडून सांगितले. ही मुले लहान आहेत, त्यांना राजकारण कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला नाही.

१९९४ : एकाच वर्षीच्या दोन गोष्टी

१९९४ हे साल आपल्यापैकी प्रत्येकाच्या लक्षात आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला होता जुलै १९७८ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत किती घरे जळाली, किती जणांचे प्राण गेले, किती जण तुरुंगात गेले, हे आपण विसरलेलो नाही. त्या लढ्यात विद्यार्थी आघाडीवर होते. वसतिगृहातली मुले पुस्तके बाजूला ठेवून मोर्चात उतरली. विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न त्यांनी रस्त्यावर विचारला आणि त्याचे उत्तर मिळवले.

त्याच १९९४ साली महाराष्ट्रात नवा विद्यापीठ कायदा आला. आजवर या दोन गोष्टी कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, म्हणून आम्ही त्या मुद्दाम ठेवत आहोत. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी पुढाऱ्याचा खून झाला होता. कॉलेजच्या निवडणुकांत गुंडगिरी आणि पैसा शिरला होता, ही गोष्ट खरी होती. त्यावर उपाय म्हणून १९९३-९४ पासून थेट निवडणुका बंद झाल्या. नव्या कायद्याने वर्गप्रतिनिधी निवडण्याऐवजी गुणांवर नेमण्याची पद्धत आणली. वर्गात ज्याला जास्त मार्क, तो प्रतिनिधी.

विद्यापीठावर बाबासाहेबांचे नाव आले त्याच वर्षी विद्यापीठातले विद्यार्थ्याचे मत गेले. रोग गुंडगिरीचा होता, औषध मात्र मताला लागले.

पहिला नंबर आणि प्रतिनिधी

वर्गात पहिला येणाऱ्या मुलाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण पहिला येणे आणि प्रतिनिधी असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. परीक्षेत पहिला आलेला मुलगा वर्गाने निवडलेला नसतो. त्यामुळे वर्गाला जाब देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. आणि पहिला नंबर सहसा कोणाचा येतो? ज्याला घरी स्वतंत्र खोली आहे, शिकवणी आहे, इंग्रजी बोलणारे आईवडील आहेत त्याचा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत अभ्यास करणारा, पहाटे पेपर टाकून कॉलेजात जाणारा मुलगा पास होतो, कधी चांगले गुणही मिळवतो. पण पहिल्या नंबरासाठी लागणारा वेळ त्याला मिळत नाही. त्याच्या अडचणी मात्र सर्वांत जास्त असतात.

आमच्या माहितीतले एक उदाहरण सांगतो. वडील सफाई कामगार, मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. शासनाकडून स्कॉलरशिपची रक्कम जमा झाली नाही म्हणून कॉलेजने त्याचे हॉलतिकीट अडवून धरले. परीक्षा चार दिवसांवर. मुलगा घाबरून घरी सांगेना. शेवटी वस्तीतल्या आम्ही तिघाचौघांनी अर्ज लिहून दिला, प्राचार्यांना भेटलो, शासनाकडून रक्कम यायला उशीर झाला तर त्याची शिक्षा विद्यार्थ्याला देता येत नाही हे समजावून सांगितले. हॉलतिकीट मिळाले. नंतर आम्ही त्याला विचारले, तुमच्या वर्गाचा प्रतिनिधी कोण? त्याला नाव ठाऊक होते. पण अशा वेळी त्याच्याकडे जायचे असते, हे या मुलाला ठाऊक नव्हते, आणि असे काम आपले आहे हे त्या प्रतिनिधीलाही ठाऊक नव्हते.

नवा कायदा आणि कोरी मतपेटी

पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आला आणि मार्च २०१७ पासून लागू झाला. या कायद्याने विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक पुन्हा आणली. त्यातल्या तरतुदी प्रत्येक पालकाने समजून घ्याव्यात अशा आहेत.

महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष आणि सचिव सर्व विद्यार्थ्यांनी मत देऊन निवडायचे. एक महिला प्रतिनिधी निवडायची. एक प्रतिनिधी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांतून आळीपाळीने यायचा. शिवाय प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी निवडायचा. विद्यापीठ पातळीवरही अशीच परिषद आहे.

एवढ्यावर हे थांबत नाही. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे महाविद्यालय विकास समितीचे सदस्य असतात. ही समिती कॉलेजच्या विकासाचा आराखडा आणि अंदाजपत्रक पाहते. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, जागा आहे. म्हणजे पैसा कोठे खर्च होतो हे जेथे ठरते, तेथे विद्यार्थ्याची खुर्ची कायद्याने ठेवलेली आहे.

खुर्ची ठेवली, पण बसायला माणूस निवडूच दिला नाही. २०१७ नंतर एक वर्ष गेले, दुसरे गेले. २०१९ साली निवडणुका होणार असे जाहीर झाले, पण त्या पुढे ढकलल्या गेल्या. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कॉलेजेच बंद झाली. कॉलेजे उघडल्यावरही मतपेटी उघडली नाही. २०१७ ते २०२४ या काळात कायद्यातली ही थेट निवडणूक राज्यात एकदाही झाली नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सर्व निवडणुका घेता येतात, अठरा वर्षांच्या मुलाला देशाचा पंतप्रधान ठरवण्यासाठी मत देता येते. त्याच मुलाला वर्गाचा प्रतिनिधी ठरवता येत नाही. हा कोणता न्याय?

आणि याचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. ज्यांचे मामा-काका संस्थाचालक आहेत, ज्यांच्या ओळखी मंत्रालयापर्यंत आहेत, त्यांची कामे निवडणुकीवाचून होतात. ज्यांना ओळख नाही त्यांनाच मताची गरज असते.

हैदराबादने काय शिकवले

महाराष्ट्रात दार बंद असताना इतर राज्यांत आपल्या मुलांनी काय केले ते पाहू. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात १९९३ साली आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन स्थापन झाली. मेसमधली वागणूक, फेलोशिपला होणारा उशीर, मार्गदर्शक न मिळणे अशा रोजच्या प्रश्नांवर दलित मुले एकत्र आली आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुका लढवू लागली.

रोहित वेमुला याच संघटनेचा कार्यकर्ता. त्याच्यावर आणि त्याच्या चार साथीदारांवर २०१५ साली कारवाई झाली हे आपण सारे जाणतो. पण त्या कारवाईतली एक गोष्ट फार थोड्यांनी नीट पाहिली आहे. डिसेंबर २०१५ च्या आदेशाने त्या पाच जणांना वसतिगृहातून काढले, प्रशासकीय इमारतीत आणि सार्वजनिक जागी गटाने जायला बंदी केली, आणि विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत भाग घ्यायलाही बंदी केली. वर्गात जाण्याची आणि ग्रंथालय वापरण्याची मुभा मात्र ठेवली होती.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शिका, परीक्षा द्या, पण एकत्र येऊ नका आणि मत मागू नका, असा तो आदेश होता. विद्यार्थ्यांची निवडणूक म्हणजे पोरखेळ असता, तर शिक्षेच्या यादीत तिला जागा मिळाली असती का? सत्ता ज्यांच्या हाती असते त्यांना मताची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

ते पाच जण विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर तंबू ठोकून राहिले. त्या जागेला त्यांनी नाव दिले वेलिवाडा, म्हणजे तेलुगूत गावाबाहेरची आपली वस्ती. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने आपले जीवन संपवले. त्याची सात महिन्यांची फेलोशिप, पावणेदोन लाख रुपये, तेव्हा अडकून पडली होती. एका आईचा मुलगा गेला. ते दुःख कशानेही भरून येणारे नाही, आणि आपल्या मुलांनी असा शेवट निवडावा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. उलट कोणतेही मूल एकटे पडू नये, यासाठीच हे सारे लिहीत आहोत.

पण वेलिवाड्याची गोष्ट तेथे संपली नाही. २०१७ साली त्याच विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन आणि तिच्या साथी संघटनांच्या सामाजिक न्याय आघाडीने विद्यार्थी संघाची निवडणूक जिंकली. ज्यांना निवडणुकीपासून दूर ठेवले होते, त्यांच्याच विचाराच्या मुलांच्या हाती विद्यार्थी संघ आला.

दिल्लीत नागपूरचा मुलगा

दुसरे उदाहरण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे. तेथे विद्यार्थ्यांची निवडणूक विद्यार्थ्यांनीच नेमलेला निवडणूक आयोग घेतो. अध्यक्षपदाचे सर्व उमेदवार एका व्यासपीठावर रात्री उशिरापर्यंत वादविवाद करतात आणि हजारो मुले ते ऐकतात. प्रश्न विचारले जातात, उत्तरे द्यावी लागतात. गाड्यांचे ताफे आणि जेवणावळी यांवर तेथे निवडणूक ठरत नाही. हाताने रंगवलेली पोस्टर्स आणि तोंडचे शब्द, हाच मुख्य प्रचार.

२०१४ साली तेथे बिरसा आंबेडकर फुले स्टुडंट्स असोसिएशन, म्हणजे बाप्सा, स्थापन झाली. तीन नावांतच तिचे धोरण आहे. आदिवासी, दलित आणि बहुजन यांनी एकत्र यावे. २०१६ च्या निवडणुकीत बाप्साने अध्यक्षपदासाठी राहुल सोनपिंपळे याला उभे केले. राहुल आपल्या नागपूरचा. दीक्षाभूमीच्या गावचा मुलगा दिल्लीच्या त्या व्यासपीठावर उभा राहून बोलला. डाव्या संघटनांच्या उमेदवाराला १,९५४ मते पडली, राहुलला १,५४५. अवघ्या दोन वर्षांच्या संघटनेचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर आला. ४०९ मतांनी हरला, पण दलित-बहुजन मुले स्वतःच्या नावाने उभी राहू शकतात हे साऱ्या देशाने पाहिले.

त्याच विद्यापीठात २०१९ नंतर चार वर्षे निवडणूक झाली नव्हती. विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि मार्च २०२४ मध्ये ती झाली. अध्यक्ष म्हणून बिहारमधील गया येथून आलेला धनंजय निवडून आला. १९९६ साली बत्तीलाल बैरवा अध्यक्ष झाले होते, त्यानंतरचा हा पहिला दलित अध्यक्ष. तो डाव्या संघटनेचा उमेदवार होता. सरचिटणीसपदी बाप्साची प्रियांशी आर्या निवडून आली. डाव्या आघाडीच्या उमेदवाराचा अर्ज ऐनवेळी बाद झाला, तेव्हा त्या आघाडीने प्रियांशीला पाठिंबा दिला होता.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, बंद पडलेली निवडणूक मागितल्यानेच सुरू होते. दुसरी, आपली मुले कोणत्याही कॉलेजात संख्येने थोडीच असतात. आदिवासी, भटके-विमुक्त, ओबीसी, मुस्लिम आणि गरीब घरांतील इतर मुले यांच्याशी मैत्री जोडल्याशिवाय निवडून येता येत नाही. आपला झेंडा सोडायचा नाही, पण दुसऱ्याचा हातही झिडकारायचा नाही.

आईवडिलांची भीती

आता आपल्या घरात वळू. कॉलेजातल्या मुलाने संघटनेचे नाव काढले की बाप म्हणतो, "तुला शिकायला पाठवलंय, पुढारी व्हायला नाही." मुलीने नाव काढले तर आई म्हणते, "नसती भानगड कशाला? लग्न व्हायचंय तुझं." या बोलण्यामागे माया आहे. एका पगारावर चाललेल्या घराला एक वर्षही वाया घालवणे परवडत नाही. मुलावर केस झाली तर सरकारी नोकरी जाईल, ही भीतीही खोटी नाही. आमच्या पिढीने वस्तीतली हुशार मुले पुढाऱ्यांच्या मागे झेंडे घेऊन फिरताना आणि वाया जाताना पाहिली आहेत.

म्हणूनच फरक समजून घ्यावा. बाहेरच्या पक्षासाठी सतरंज्या उचलणे वेगळे आणि आपल्या वर्गाचा प्रतिनिधी होणे वेगळे. प्रतिनिधी होणाऱ्या मुलाला अर्ज लिहावा लागतो, नियम वाचावे लागतात, चारचौघांत उभे राहून बोलावे लागते, हिशेब द्यावा लागतो. मुलाखतीत आपली मुले मागे पडतात ती हुशारी कमी म्हणून नव्हे, बोलायची सवय नसते म्हणून. ती सवय येथे लागते.

गुंडगिरीच्या भीतीवरही उत्तर आहे. माजी निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली विद्यार्थी निवडणुकांसाठी नियम सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते लागू करण्याचा आदेश दिला. उमेदवाराला जास्तीत जास्त ५,००० रुपये खर्च करता येतो. छापील पोस्टर चालत नाही, हाताने लिहिलेलेच चालते, तेही ठरलेल्या जागी. राजकीय पक्षाकडून पैसा घेता येत नाही. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी, त्या वर्षी विषय राहिलेला नसावा आणि गुन्ह्याची नोंद नसावी. म्हणजे ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याला अभ्यास आणि हजेरी सांभाळावीच लागते. आईवडिलांना आणखी काय हवे?

या नियमांतली एक अट मात्र आपल्या मुलांवर अन्याय करणारी आहे, असे आमचे मत आहे. पदवीच्या उमेदवाराचे वय १७ ते २२ असावे असे त्यात म्हटले आहे. घरच्या अडचणीने दोन वर्षे कामावर जाऊन पुन्हा शिकायला आलेला मुलगा यात बसेलच असे नाही. निवडणुका सुरू करा ही मागणी करताना ही अट सैल करा, हेही आपण मागितले पाहिजे.

निवडणूक होईपर्यंत

निवडणूक होत नाही तोवर हात जोडून बसायचे का? मुळीच नाही. कॉलेजात आपले पाऊल ठेवायला इतरही जागा आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेसंबंधी नियम केले. त्यांनुसार समान संधी कक्ष आणि जातीय भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असायला हवा. आपल्या मुलाच्या कॉलेजात तो अधिकारी कोण, त्याचे नाव फलकावर लावले आहे का, हे विचारा. मुलींच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीविषयी आयोगाचे २०१५ चे नियम सांगतात की, प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीत तीन विद्यार्थी सदस्य घ्यावेत आणि ते लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. ही निवड झाली आहे का, हे आपल्या मुलींनी विचारावे.

उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. अनुदानित महाविद्यालयाला साध्या कागदावर अर्ज करायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि विचारायचे : महाविद्यालय विकास समितीचे सदस्य कोण? स्कॉलरशिपचे किती अर्ज आले, किती पुढे पाठवले, किती पडून आहेत? एका अर्जाने कॉलेजचे कार्यालय कसे जागे होते, हे आम्ही पाहिले आहे.

राष्ट्रीय सेवा योजना, भित्तिपत्रक, वक्तृत्व मंडळ, ग्रंथालय समिती यांतही आपली मुले दिसली पाहिजेत. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला फोटोला हार घालून न थांबता, स्कॉलरशिप आणि स्वाधार योजनेचे फॉर्म भरून देणारे टेबल कॉलेजच्या दारात मांडावे. ज्याचा फॉर्म आपण भरून दिला, तो मुलगा कोणत्याही जातीचा असो, उद्या आपल्याला मत देईल.

घरातल्या पदवीधरांचे मत

शेवटी एक गोष्ट मोठ्या माणसांसाठी. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले दहा सदस्य असतात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे. म्हणजे दहापैकी पाच. पण मत कोणाला? ज्या पदवीधराने स्वतः अर्ज करून नाव नोंदवले त्याला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक झाली तेव्हा मतदार यादीत १३ हजारांच्या आसपास नावे होती. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर लाखांनी मोजावे लागतील. आपल्या समाजात किती बी.ए., बी.कॉम. झालेले कारकून, शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी आहेत! त्यांतल्या किती जणांची नावे या यादीत आहेत? पदवीचे प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावले, पण त्या पदवीबरोबर आलेले मत पडून राहिले. पुढच्या वेळी नोंदणी सुरू झाली की विहारात एक दिवस ठरवून सर्व पदवीधरांचे अर्ज भरून घ्यावेत. मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे सहज जमण्यासारखे आहे.

सलाका उचलू या

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भगवान बुद्धांच्या भिक्खू संघाची आठवण करून दिली. संघात ठराव कसा मांडायचा, गणसंख्या किती हवी, मते कशी मोजायची, गुप्त मतदान कसे घ्यायचे, याचे सर्व नियम होते. मतासाठी लाकडाची काडी वापरत, तिला सलाका म्हणत. त्या सलाका वाटून गोळा करणारा एक भिक्खू खास नेमलेला असे. अडीच हजार वर्षांपूर्वी चीवर आणि भिक्षापात्र एवढेच ज्यांचे धन होते, त्या भिक्खूंच्या हातात सलाका होती. संघात राजघराण्यातून आलेला असो की न्हावी उपाली असो, सलाका प्रत्येकाला एकच.

तो वारसा सांगणाऱ्या समाजाची मुले कॉलेजात मताशिवाय राहावीत, हे आपल्याला शोभत नाही. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका कायद्याप्रमाणे वेळेवर घ्या, ही मागणी आता विहारातून, महिला मंडळातून, कामगार संघटनेतून झाली पाहिजे. आपल्या आमदाराला या विषयावर पत्र लिहा. कुलगुरूंना निवेदन द्या. आणि घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणाली की, "बाबा, मी वर्गाच्या निवडणुकीला उभी राहतेय," तर तिला रागावू नका. तिच्या हाताने लिहायच्या पोस्टरसाठी दोन कागद आणि एक रंगाची डबी आणून द्या.

जय भीम!